दिनविशेष : 1 मे 1960 – नवापूर स्थानकावरून गेलेली राज्यसीमा

द्विभाषिक मुंबई राज्याचे विभाजन होऊन 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र व गुजरात ही राज्ये अस्तित्वात आली, तेव्हा पश्चिम खानदेश जिल्ह्यातील काही गावे सुरत जिल्ह्याकडे गेली आणि नवी सीमा नवापूरच्या रेल्वे स्थानकातूनच आखली गेली. नवापूरला लोहमार्ग आला तो खानदेशातील कापसामुळे. ताप्ती व्हॅली रेल्वे, म्हणजे किलिक निक्सन या मुंबईच्या व्यापारी पेढीच्या व्यवस्थापनाखालील खासगी कंपनी, हिने सुरत ते अमळनेर असा सुमारे 250 किलोमीटरचा रुंदमापी मार्ग 1900च्या सुमारास पूर्ण केला आणि खानदेश पश्चिम किनाऱ्याशी थेट जोडला गेला.

आज पश्चिम रेल्वेवरील या स्थानकाचा एक भाग नंदुरबार जिल्ह्यात, तर दुसरा गुजरातच्या तापी जिल्ह्यात आहे. तिकीट खिडकी महाराष्ट्रात व स्थानकप्रमुखाचे कार्यालय गुजरातमध्ये असून, उद्घोषणा मराठी, गुजराती, हिंदी व इंग्रजी या चार भाषांत होतात. फलाटावरील एका बाकावरही दोन्ही राज्यांची नावे रंगवलेली आहेत, आणि या बाकाचीच चर्चा सर्वाधिक होते; मात्र सीमेच्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या भिल्ल, गावित व कोकणी समाजांचे नातेसंबंध या रेषेहून कितीतरी जुने आहेत, हे अधिक महत्त्वाचे आहे.