चूल स्वयंपाकघरातून गेली, न्हाणीतून कधी जाणार?

मंडळी, आज जरा लांबलचक लिहितोय. विषय वरवर क्षुल्लक वाटेल: आंघोळीचं गरम पाणी. पण मालवण तालुक्यातल्या कुठल्याही वाडीत सकाळी सहाला फिरून बघा. आचरा घ्या, मसुरे घ्या, चौके घ्या. स्वयंपाकघरात गॅसची शेगडी आहे, कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात, आणि मागीलदारी न्हाणीतून धूर येतोच आहे. उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली. तिच्या आधीही आपल्याकडे बऱ्याच घरांत सिलिंडर होता. मग न्हाणीतली चूल का राहिली? याचं उत्तर शोधायचं तर थोडं मागे जावं लागतं.

आपल्याकडे न्हाणी म्हणजे घराला चिकटलेली किंवा थोडी बाजूला, चिऱ्याची, अर्धवट उघडी जागा. कोपऱ्यात मातीची नाहीतर दगडाची चूल, तिच्यावर तांब्याचा हंडो कायमचा बसवलेला. बाहेरून काजळीनं काळा, आतून कल्हईचा. आणि जळण? ते विकत कोणी आणत नव्हतं. माडाची चुडतां, पिडे, सोडणां, करवंट्या, काजू-आंब्याच्या सुक्या फांद्या आणि पातेरो. स्वयंपाकाच्या चुलीला चांगलं लाकूड आणि न्हाणीला उरलंसुरलं, अशी वाटणी ठरलेली होती. माडाचा कचरा जळायचा, पाणी तापायचं, राख भांडी घासायला आणि झाडांना जायची. दिवाळीच्या आदल्या दिवशी हंडो चिंचेनं घासून लखलखीत करायचा, पाणी भरून ठेवायचं, पहाटे अभ्यंगस्नान आणि मग तुळशीकडे कारीट फोडायचं. बाळंतिणीच्या न्हाण्याला तर दिवसभर जाळ असायचा. म्हणजे ही चूल नुसती सोय नव्हती, घरातली रीत होती.

घाटावर आणि शहरांत याच कामाला तांब्याचा बंब आला. मधल्या नळीत जाळ, भोवती पाणी, वर धुराडं. बंबाला लागणाऱ्या बारीक लाकडाला 'बंबफोड' असा शब्दच मराठीत आहे. ऊर्जा बचतीचा शब्द कानावर नसतानाच्या काळातली ही बचतीची वस्तू! कारण जाळ चारी बाजूंनी पाण्यानं वेढलेला, उष्णता बाहेर जायला वाव कमी. आपल्याकडे मात्र हंड्याचंच राज्य जास्त राहिलं, कारण जळण फुकट होतं. फुकटच्या गोष्टीची बचत कोण करणार?

आता इथं एक माणूस आठवायलाच हवा. कोकणगांधी आप्पासाहेब पटवर्धन (१८९४ ते १९७१). १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी सफाईचं काम मागून घेतलं. ते नाकारलं म्हणून त्यांनी अन्नत्याग केला आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधीजींनीही उपवास धरला. त्याच आप्पांनी १९४८ मध्ये कणकवलीत गोपुरी आश्रम उभा केला. संडास, खत, मेलेल्या जनावराचं चामडं, शेण अशा ज्या गोष्टींना समाज नाक मुरडतो, त्यांतून गावाची संपत्ती कशी होईल हा त्यांचा ध्यास. मैला आणि शेण यांपासून खत, आणि पुढे गॅस, ही वाट त्यांनी दाखवली. देहूचे डॉ. सुहास मापुसकर यांनी संडासाच्या गॅसचं काम पुढे नेलं, त्यांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. त्या कामाचा एक धागा कणकवलीपर्यंत येतो, हे आपल्या जिल्ह्यात किती जणांना माहीत आहे?

१ मे १९८१ ला रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला. योगायोग असा की त्याच सुमारास केंद्रानं गोबर गॅसचा राष्ट्रीय प्रकल्प हाती घेतला. १९८४ मध्ये 'दीनबंधू' हे कमी खर्चाचं, घुमटाच्या आकाराचं, जमिनीखालचं मॉडेल आलं. लोखंडी टाकी नाही, म्हणून आपल्या खाऱ्या हवेत गंजायची भीती नाही. पुढे कुडाळ तालुक्यातल्या झारापचे डॉ. प्रसाद देवधर आणि त्यांच्या भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठाननं हे काम असं रेटलं की जिल्ह्यात हजारो गोबर गॅस उभे राहिले. अनेक घरांत चुलीपुढे फुंकणी घेऊन बसणं बंद झालं, स्लरी शेतात गेली. आपल्या जिल्ह्याच्या अलीकडच्या इतिहासातलं हे मोठं पान आहे, आणि ते मंत्रालयात नाही, गोठ्यामागे लिहिलं गेलं.

पण न्हाणी? ती सुटलीच. का सुटली ते आकड्यांत बघूया. गणित शाळेतलंच आहे.

पाच माणसांचं घर, प्रत्येकी वीस लिटर, म्हणजे शंभर लिटर पाणी. आपल्याकडे विहिरीचं पाणी घाटासारखं बर्फगार नसतं, १५ अंशांनी तापवलं तरी पुरतं. म्हणजे १,५०० किलोकॅलरी उष्णता. दोन घनमीटरचा गोबर गॅस रोज साधारण ५० किलो शेण मागतो, म्हणजे चार-पाच गुरं, आणि त्यातून एका कुटुंबाचा स्वयंपाक होतो. आंघोळीचं पाणीही त्याच्यावरच तापवायचं म्हटलं तर जवळपास पाऊण घनमीटरपर्यंत गॅस त्यातच जाईल. मग भात कशावर शिजवायचा? शिवाय गोठ्यातली गुरं कमी होत गेली, हे वेगळं सांगायला नको. सिलिंडरचंही तेच. १४.२ किलोच्या सिलिंडरवर फक्त आंघोळीचं पाणी तापवलं तर तो साधारण दोन महिन्यांत संपतो. म्हणून घरची बाई हिशेबानं वागते: गॅस चहा-जेवणाला, न्हाणीला चुडतां. यात तिचं अडाणीपण नाही, उलट चोख अर्थशास्त्र आहे.

फक्त त्या अर्थशास्त्रात एक खर्च धरलेला नसतो. उघड्या चुलीत लाकडाच्या उष्णतेपैकी दहा-पंधरा टक्केच भांड्याला लागते. म्हणजे रोजच्या आंघोळीला तीन-साडेतीन किलो जळण, वर्षाला टनभर. ते गोळा करणं, सुकवणं, पावसाआधी मांगरात भरणं, रोज पहाटे पेटवणं आणि तो धूर, हे सगळं कुणाच्या वाट्याला येतं ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. सरकारची निर्धूर चुलीची मोहीम १९८० च्या दशकात आली आणि २००२ मध्ये गुंडाळली गेली. पुण्याच्या आरती संस्थेसारख्यांनी चांगल्या चुली बनवल्या. पण नजर होती ती स्वयंपाकघरावर. न्हाणीकडे योजनेचं लक्ष गेलंच नाही.

आता सूर्याकडे येऊ. सोलरवर पाणी तापवणं नवीन नाही. अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या क्लॅरन्स केम्प यांनी १८९१ मध्येच असा हीटर बाजारात आणला होता. इस्रायलनं १९८० मध्ये नव्या घरांना सोलर हीटर सक्तीचा केला. आपल्याकडे १९८५ मध्ये महाऊर्जा म्हणजे मेडा स्थापन झाली, २०१० मध्ये राष्ट्रीय सौर मिशन आलं, सोलर हीटरला अनुदान मिळायचं. ते अनुदान २०१४ मध्ये थांबलं. पुण्यात महापालिकेनं मिळकतकरात सवलत दिली आणि गच्च्यांवर टाक्या दिसू लागल्या. आपल्या किनाऱ्यावर त्या मानानं कमीच.

कारणं खरी आहेत, लोकांना दोष देऊन चालणार नाही. आपली घरं कौलारू. टाकी पॅनेलच्या वर हवी, कारण तापलेलं पाणी हलकं होऊन आपोआप वर चढतं, त्याला पंप लागत नाही. आता ते वजन कौलांवर ठेवणार कसं? वेगळा सांगाडा करावा लागतो, खर्च वाढतो. दुसरं, खारी हवा. साधं लोखंड दोन पावसाळ्यांत खाऊन टाकते. तिसरं, काचेच्या नळ्यांवर पडणारे नारळ आणि नाचणारी माकडं. आणि चौथं, सगळ्यात मोठं: पाऊस. जून ते सप्टेंबर आभाळ भरलेलं, आणि गरम पाणी हवंसं वाटतं ते नेमकं तेव्हाच. घाटावरचं मॉडेल उचलून किनाऱ्यावर आणलं की ते असं अडखळतं.

तेवढ्यात वीज पुढे आली. ३० एप्रिल १९९७ ला सिंधुदुर्ग देशातला पहिला पर्यटन जिल्हा जाहीर झाला. तारकर्ली, देवबाग, वायरी, तोंडवळी इथं घरांची न्याहारी-निवास झाली. मुंबई-पुण्याच्या पाहुण्याला खोलीत गीझर लागतोच. तो बघून मागच्या घरातही गीझर आला, नाहीतर बादलीत बुडवायची कॉईल आली. त्या कॉईलनं शॉक बसून, आणि बंद बाथरूममधल्या गॅस गीझरच्या विषारी वायूनं माणसं दगावल्याच्या बातम्या आम्ही पत्रकार दर हिवाळ्यात लिहितो. न्हाणी उघडी होती, धूर निघून जायचा. टाइल्सच्या बंद बाथरूमला झरोका ठेवायचा हे मात्र बांधणारा विसरतो.

पैशांचंही बघा. वरच्याच पाच माणसांच्या घराला विजेवर पाणी तापवायला रोज साधारण दोन युनिट, महिन्याला साठ. वीजबिलात शंभर युनिटनंतर दर चढतो. म्हणजे पंखे, फ्रिज, विहिरीचा पंप यांत काठावर असलेलं घर एका गीझरनं वरच्या पायरीवर जातं.

आणि तौक्ते विसरलात काय? १६ मे २०२१. मालवण, देवगड, वेंगुर्ल्यात खांब आडवे झाले, कित्येक वाड्यांत दिवसेंदिवस वीज नव्हती. त्या दिवसांत गीझर नुसती भिंतीवरची शोभा होती. पाणी तापलं ते जुन्या चुलीवरच.

म्हणून माझं मत सरळ आहे. चूल उद्याच मोडा असं मी म्हणणार नाही. माडाचा कचरा जाळणं म्हणजे जंगलतोड नव्हे. पण ती रोजची सक्ती राहू नये. ऑक्टोबर ते मे, वर्षाचे आठ महिने, आपल्याला कडक ऊन फुकट मिळतं आणि पंपाशिवाय चालणाऱ्या सोलर हीटरला वीज जाण्याचं भय नाही. पावसाच्या चार महिन्यांसाठी धुराडं असलेली सुधारलेली न्हाणीची चूल किंवा बंब ठेवा, त्यात जळण निम्म्यावर येऊ शकतं. ज्यांच्याकडे पाहुण्यांच्या सात-आठ खोल्या आहेत त्यांनी हीट पंपाची चौकशी करावी. तो एसीच्या उलट तत्त्वावर हवेतली उष्णता पाण्यात आणतो, एका युनिटमध्ये साधारण तीन युनिटांचं काम करतो, आणि आपल्या दमट-उबदार हवेत, पावसातसुद्धा, चांगला चालतो. छतावरच्या विजेच्या सोलरला २०२४ पासून पीएम सूर्यघर योजनेत ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे. पाणी तापवायच्या सोलरला ते मिळत नाही, हा फरक विक्रेता सांगेलच असं नाही, तेव्हा आधी विचारून घ्या.

ग्रामपंचायतींना एक विनंती. येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या. घरपट्टीत सवलत देता येईल का, वाडीतल्या दहा-वीस घरांनी मिळून एकत्र खरेदी केली तर दर किती खाली येतो, गंज न धरणारा सांगाडा कुडाळ-मालवणातच कोणी बनवून देईल का, अंगणवाडी आणि प्राथमिक आरोग्य केंद्रापासून सुरुवात करता येईल का, हे प्रश्न तिथं विचारले गेले पाहिजेत.

"आपल्याकडे हे होणार नाही" असं कोणी म्हणालं तर त्याला २०१६ आठवून द्या. केंद्राच्या ग्रामीण स्वच्छता सर्वेक्षणात सपाट प्रदेशातल्या जिल्ह्यांत सिंधुदुर्ग देशात पहिला आला होता. घराघरांत संडास पोहोचवणं हे काम पाणी तापवण्यापेक्षा कितीतरी अवघड होतं, कारण तिथं सवय आणि लाज दोन्ही आड येत होत्या. ते आपण केलं. गोबर गॅसही आपण केला. दोन्ही वेळेला नुसत्या अनुदानानं काम झालेलं नाही. वाडीत जाऊन, घरातल्या बाईशी बोलून, बसवलेली वस्तू चालते की नाही ते वर्षभरानं पुन्हा बघणारी माणसं होती म्हणून झालं.

तुमच्या घरी पाणी कशावर तापतं, महिन्याला किती खर्च येतो, सोलर बसवला असेल तर किती पावसाळे टिकला, हे खाली जरूर लिहा. जिल्ह्याचा खरा हिशेब त्यातूनच उभा राहील. आणि हो, उत्तर लिहिण्याआधी घरातल्या बाईला विचारा. पाणी तीच तापवते.