दिव्याखालचा पाळणा

आमच्या सूनबाईंना सातवा महिना लागला आहे. पहिलीच खेप. मुलगा आणि सून दोघेही जन्मापासून बहिरी. घरात बोलणे चालते ते हातांनी. डोहाळजेवणाला आलेल्या वन्संनी मला बाजूला घेऊन विचारले, "वहिनी, बाळाला ऐकू येईल ना हो?" मी हसून वेळ मारून नेली, परंतु त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

हा प्रश्न काही माझ्याच घरी प्रथम आलेला नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यालगत मार्थाज व्हिनयार्ड नावाचे बेट आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस जोनाथन लँबर्ट हा बहिरा सुतार तेथे वस्तीस आला. मूळची केंटकडची घराणी, त्यांत आपापसांत सोयरिकी. बहिरेपण पिढ्यान् पिढ्या उतरत गेले. एकोणिसाव्या शतकात त्या बेटावर १५५ माणसांत एक बहिरा असे. चिलमार्क गावी तर २५ त एक! मग गावाने काय केले? सारा गावच खुणांची भाषा शिकला. कोळी एका होडीतून दुसरीत हातांनी बोलत. बहिरे मूल जन्मले, तर त्याच्याशी बोलावयास शेजारी तयारच असत. त्या परंपरेतील शेवटची बहिरी स्त्री १९५२ साली निवर्तली.

टेलिफोनवाले ग्रॅहॅम बेल यांची आई बहिरी, पत्नीही बहिरी. तरी १८८३ साली त्यांनीच निबंध वाचून बजावले की, बहिऱ्यांनी आपसांत लग्ने केली तर माणसांत बहिऱ्यांची निराळी जात निपजेल. बेटावरच्या वंशावळी त्यांनी चाळल्या. पण बहिऱ्याचे मूल दर वेळी बहिरे का होत नाही, हे कोडे त्यांना सुटेना. मेंडेलचा १८६६ चा निबंध जगाच्या ध्यानी आला तो १९०० साली. असा गुण आई आणि बाप दोघांकडून आला तरच प्रकट होतो. शिवाय बहिरेपणाची कारणे घरोघरी निराळी. म्हणून बहुतेक बहिऱ्या जोडप्यांची मुले ऐकणारीच निघतात.

आणि न निघाले तर? १९९१ साली संशोधकांनी दाखवून दिले की, खुणांच्या घरातली बहिरी तान्ही मुले हातांनीच बोबडे बोल बोलतात.

सकाळी वन्संना हे सारे सांगितले. मग सूनबाईंना हातांनी विचारले, "पाळणा कुठे बांधायचा ग?" तिने छताच्या दिव्याखालची जागा दाखवली आणि हसत बोटे नाचवली, "अंधारात बाळ आमच्याशी बोलणार कसं?"

वन्संनी पुसले, "काय म्हणाली?" मी सांगितले. त्या उठल्या आणि दिव्याची काच पुसू लागल्या.