रुमालाखालचा भाव

‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ चाकरी’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. म्हणायला सगळे म्हणतात, पण मुलीला स्थळ पाहायची वेळ आली की हीच मंडळी म्हण उलटी धरतात. चाकरीवाला जावई पहिला आणि शेतकरी अगदी शेवटी! गंमत अशी की म्हण सुलटी धरा की उलटी धरा, व्यापार आपला मधल्याच पायरीवर बसलेला असतो. त्याला कोणी वर चढवत नाही. ‘मुलगा व्यापार करतो’ असे सांगताना आपला आवाज थोडा खाली येतो, आणि ‘चढाओढ’ हा शब्द तर आपण बहुधा भांडणाच्याच अर्थाने वापरतो.

अमेरिकेत मात्र व्यापाराला मान आहे आणि चढाओढीला तर जवळजवळ धर्माचे स्थान आहे, असे आपण वाचतो. असे का असावे? ‘ते लोक डॉलरचे पुजारी’ हे उत्तर सोपे आहे, पण मला ते पटत नाही. पैशाची आवड आपल्याला काय कमी आहे? खरे कारण शोधायला आगबोटीत बसून जाण्याआधी आपण आपल्याच जिल्ह्यातल्या बाजारात जरा उभे राहू.

आमचे आजोबा भुईमुगाच्या शेंगांची गाडी घेऊन जवळच्या पेठेत जात. त्यांच्या तोंडून ऐकलेली हकिकत सांगतो. माल अडत्यापुढे ओतायचा. मग एकेक खरेदीदार यायचा, शेंगा हातात घेऊन वाजवून बघायचा आणि अडत्याच्या हातात हात द्यायचा. दोघांच्या हातांवर रुमाल नाहीतर धोतराचा सोगा. त्या रुमालाखाली बोटे दाबली जायची, आणि कोणते बोट दाबले म्हणजे किती रुपये, किती आणे, ते त्या दोघांनाच ठाऊक. असे चार-पाच हात झाले की अडत्या एकदम भाव सांगायचा. गाडीचा मालक शेजारी उभा, पण कोणी किती देऊ केले ते त्याला कळायचे नाही. सर्वांत जास्त बोट दाबणाऱ्याला माल मिळाला की अडत्याच्या मेहुण्याला, हे विचारायची सोयही नव्हती. वर अडत, हमाली, तोलाई, धर्मादाय आणि कडता. आजोबा म्हणत, “भाव ठरला म्हणजे आपल्याला कळवायचे, एवढाच आपला बाजाराशी संबंध.”

या व्यवहाराला ‘हत्ता’ म्हणत. ज्याने आयुष्यभर व्यापार पाहिला तो या रुमालाबाहेरून, त्याने व्यापाराला मान का द्यावा?

आता थोडे मागे जाऊ. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तिथला कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. गिऱ्हाईक हिंदुस्थानाकडे वळले. खानदेशात, वऱ्हाडात, दख्खनेत कापसाचे भाव कधी नव्हे इतके चढले. याच काळात आगगाडी घाट चढून आली. थळ घाटाचा मार्ग १८६५ च्या आरंभी खुला झाला. मात्र त्याच साली युद्ध संपले, भाव कोसळले आणि शेतकऱ्याच्या हातात उरले तेजीत काढलेले कर्ज. गावचा सावकार तोच दुकानदार आणि तोच पिकाचा खरेदीदार. देणे त्याचे, म्हणून माल त्यालाच, म्हणून भावही त्याचाच. ही फिरकी जिथे आहे तिथे दुसरा गिऱ्हाईक पाय ठेवू शकत नाही. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकरी उठले आणि त्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली, हे गुरुजी मंडळी मुलांना शिकवतातच. त्या दंग्यांचे एक कारण मला असे दिसते की शेतकऱ्यापुढे व्यापार होता, पण चढाओढ नव्हती. एकच खरेदीदार असला की त्याला व्यापारी म्हणण्यापेक्षा धनी म्हणणेच बरे.

अमेरिकेची सुरुवात निराळी झाली. तिकडे गेलेल्या वसाहतवाल्यांत जहागीरदार फारसे नव्हते. कारागीर, शेतकरी, दुकानदार आणि पुष्कळसे करारावर राबायला आलेले गरीब होते. १७८७ सालच्या राज्यघटनेत तर त्यांनी स्पष्टच लिहून टाकले की संयुक्त संस्थाने कोणाला सरदारकीचा किताब देणार नाहीत. म्हणजे पिढीजात मानाचा मार्ग बंद. मग मान मिळवायचा कशावर? तर कामावर, धंद्यावर. बेंजामिन फ्रँकलिनचेच पाहा. मेणबत्त्या आणि साबण करणाऱ्याचा हा मुलगा बाराव्या वर्षी भावाच्या छापखान्यात उमेदवारीला लागला. सतराव्या वर्षी पळून फिलाडेल्फियाला गेला, आणि पुढे देशाचा वकील म्हणून फ्रान्सच्या दरबारी बसला. तरी मृत्युपत्र करताना त्याने आपल्या नावापुढे आधी ‘छापखानेवाला’ असे लिहिले आणि राजदूतपद नंतर! आपल्याकडे कोणी असे लिहील का, याचा विचार करा. आपण तर पाटी बदलून मोकळे होऊ.

१८३१ साली तोकव्हिल नावाचा एक फ्रेंच सरदार तो देश पाहायला गेला. स्वतः घरंदाज असल्यामुळे त्याला एक गोष्ट चटकन् जाणवली. तिथे कोणतेही प्रामाणिक काम हलके मानत नाहीत, कारण सगळेच कामाचे पैसे घेतात. खुद्द राष्ट्राध्यक्षही पगारावरच असतो. मग मजुरी घेणाऱ्याने लाज कशाची बाळगावी? शिवाय तिथला शेतकरी हा स्वतःच अर्धा व्यापारी होता. जमीन घ्यायची, सुधारायची, विकायची आणि पुढे सरकायचे, हा त्याचा नित्याचा उद्योग.

या चित्राला काळी बाजू आहे, आणि ती लपवून सांगणे बरे नव्हे. ती जमीन मूळच्या रहिवाशांपासून हिसकलेली होती, आणि दक्षिणेतला कापूस गुलामांच्या घामावर पिकत होता. गुलामांना चढाओढीत जागा नव्हती. तेच विक्रीचा माल होते. गुलामगिरी उठवणाऱ्या अमेरिकनांना आपल्या जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपले ‘गुलामगिरी’ पुस्तक अर्पण केले, ते उगीच नव्हे. आणि हे जोतीराव स्वतः बांधकामाची कंत्राटे घेणारे व्यावसायिक होते, हे आपण विसरतो.

तर सांगायचा मुद्दा असा की अमेरिकनांना व्यापाराचा मान वारशाने मिळाला असला, तरी चढाओढ फुकट मिळाली नाही. ती टिकवायला भांडावे लागले, आणि या भांडणात पुढे होते शेतकरी. ही गोष्ट आपल्याला फारशी कोणी सांगत नाही.

यादवी युद्धानंतर इलिनॉय प्रांताचा गहू-मका शिकागोला जाऊ लागला. तिथे धान्य साठवण्याच्या प्रचंड कोठारांखेरीज माल पुढे हलत नसे. अशी चौदा कोठारे आणि ती नऊ पेढ्यांच्या ताब्यात. या पेढ्या दर वर्षी एकत्र बसून भाडे ठरवायच्या आणि छापून जाहीर करायच्या. नऊ दुकाने, पण भाव एकच! शेतकऱ्याला नवव्या दारातून पहिल्या दारात परत यायला काही अर्थच उरला नाही. हा रुमाल होता, फक्त तो छापील होता. शेतकऱ्यांनी १८६७ साली निघालेल्या ‘ग्रेंज’ या संघटनेतून चळवळ केली, तिकडच्या विधिमंडळाने १८७१ साली कोठारांच्या भाड्याला कमाल मर्यादा घातली, आणि कोठारवाले वरच्या कोर्टात गेले. १८७७ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तो शेतकऱ्यांच्या बाजूने. ज्या धंद्यावर साऱ्या लोकांचे चालणे अवलंबून आहे, त्याला लोकांनी नियम घालणे रास्त आहे, असा त्याचा आशय. पुढे १८९० साली मक्तेदारीविरुद्ध शेर्मन कायदा झाला आणि १९११ साली त्याच कायद्याखाली रॉकफेलरच्या तेल कंपनीचे चौतीस तुकडे करण्यात आले. व्यापाऱ्याला मान देणाऱ्या देशाने आपल्या सर्वांत मोठ्या व्यापाऱ्याला असे वागवले. मला यात विरोध दिसत नाही. आखाड्याला मान देणारा माणूसच कुस्ती ठरवून करणाऱ्याला बाहेर काढतो.

आता निफाडला या. याच गावी १८ जानेवारी १८४२ रोजी महादेव गोविंद रानडे जन्मले. न्यायमूर्तींनी १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हिंदी अर्थशास्त्रावर एक व्याख्यान दिले. त्यात त्यांनी विलायती अर्थपंडितांना ठणकावून विचारले, की तुम्ही गृहीत धरता ती चढाओढ आहे कुठे? आमच्या देशात रूढी बळकट, चढाओढ दुबळी. माणूस कोणत्या जातीत, कोणत्या घरात जन्मला यावर त्याचा व्यवहार ठरतो, कराराने फारसे ठरत नाही. त्यांनी हॅमिल्टन आणि कॅरी या अमेरिकन विचारवंतांचाही आधार घेतला. त्या दोघांनी आपल्या देशाला सांगितले होते, की घरात खुशाल चढाओढ करा, पण कारखाने पायावर उभे राहीपर्यंत विलायती मालापुढे जकातीची भिंत बांधा. अमेरिकन माणूस चढाओढीचा एवढा भक्त, पण वेशीवर मात्र एकोणिसावे शतकभर पहारा ठेवून होता, हे रानड्यांनी बरोबर हेरले होते.

रूढी बळकट म्हणून रानडे हात जोडून बसले नाहीत. सरकारने आणि लोकांनी मिळून नवी व्यवस्था उभी करावी, असा त्यांचा आग्रह होता. बाजाराच्या बाबतीत ती व्यवस्था सावकाशीने आली. वऱ्हाडात १८९७ साली कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा झाला. अर्थात् मँचेस्टरला चोख कापूस हवा होता, हेही त्यामागे होतेच. १९२८ साली शेतीच्या शाही कमिशनने नियंत्रित बाजारांची शिफारस केली. मुंबई इलाख्याचा सर्व शेतमालासाठीचा कायदा १९३९ चा, आणि १९४७ साली निफाड तालुक्यातच, न्यायमूर्तींच्या जन्मगावापासून हाकेच्या अंतरावर म्हणा ना, लासलगावची बाजार समिती सुरू झाली.

ज्यांनी हा लिलाव पाहिला नसेल त्यांनी एकदा सकाळी जाऊन पाहावा. ट्रॅक्टर आणि पिकअप गाड्या ओळीने उभ्या असतात. व्यापाऱ्यांचा घोळका एका गाडीपाशी येतो. कोणी कांदा हातात घेऊन चोळून पाहतो, कोणी आतला माल उपसून गोल्टी किती आहे ते बघतो. पुकारा सुरू होतो, आकडे वर चढतात, एका आकड्यावर थांबतात, आणि घोळका पुढच्या गाडीकडे सरकतो. सगळे मिळून मिनिटभराचे काम. एवढ्या मिनिटात तीन-चार महिन्यांच्या कष्टांचा हिशेब होतो. पण आकडा सर्वांच्या कानांवर पडतो. शेतकऱ्याला तो पसंत नसेल तर नको म्हणता येते. लासलगाव नाही तर पिंपळगाव, नाही तर चांदवड, अशी गाडी वळवता येते. बाजाराची बाजाराशी चढाओढ, तीही लहान गोष्ट नव्हे. आजोबांच्या रुमालावर हे उत्तर आहे.

पण उत्तर पुरते झाले काय? १९८० च्या नोव्हेंबरात शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ऊस-कांद्याच्या भावासाठी या जिल्ह्यात रस्ते आणि रेल्वे अडवली. आपले ‘ग्रेंज’वाले ते हेच. संसदेने २००२ साली स्पर्धा कायदा केला. त्याखाली आलेल्या स्पर्धा आयोगासाठी २०१२ मध्ये कांद्याच्या बाजारांचा अभ्यास झाला, तेव्हा मोठी खरेदी मोजक्याच व्यापाऱ्यांच्या हाती असल्याचे आणि त्यामुळे संगनमताला वाव राहत असल्याचे त्यातून पुढे आले. घोळका मोठा दिसतो, बोलणारे थोडे असतात. शिकागोच्या नऊ पेढ्या आठवतात.

आणि सरकारचेही ऐका. १९ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर चाळीस टक्के शुल्क बसवले. सप्टेंबरात व्यापाऱ्यांनी जिल्ह्यातले लिलाव बंद ठेवले. ८ डिसेंबरला निर्यातच बंद झाली, ती मे २०२४ मध्ये खुली झाली. शहरातल्या गृहिणीला कांदा परवडला पाहिजे, हे कोण नाकारील? पण त्या पाच महिन्यांत दुबईचा, ढाक्याचा, कोलंबोचा गिऱ्हाईक आपल्या बोलीतून उठवून लावला गेला, आणि त्याची किंमत गाडी घेऊन उभ्या असलेल्या माणसाने मोजली. हॅमिल्टनची भिंत परक्या मालाला आत येऊ देत नव्हती. आपण बांधली ती आपल्याच मालाला बाहेर जाऊ देईना.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती आहे. सहलीला लेणी आणि देवळे दाखवताच, यंदा एका सकाळी वरच्या वर्गांना बाजार समितीच्या आवारात न्या. मुलांच्या हातात वही द्या आणि एका गाडीपाशी उभे करा. घोळक्यात माणसे किती आणि त्यांतले प्रत्यक्ष बोली बोलले किती, एवढे दोनच आकडे लिहून घ्यायला सांगा. मग पुढच्या गाडीपाशी पुन्हा तेच. दहा गाड्या झाल्या की झाडाखाली बसून वह्या उघडा, आणि मुलांनाच बोलू द्या. त्यांतल्या निम्म्यांच्या घरचा कांदा त्याच रांगेत कुठे तरी उभा असेल.