मिक्सर नव्हे, स्कूटर

घरात यंत्रे आली, बाईचे काम हलके झाले आणि तिच्या हाती लेखणी आली, अशी एक सोयीस्कर गोष्ट आपण बायकांच्या लेखनाविषयी सांगत असतो. पाट्या-वरवंट्याच्या जागी मिक्सर, चुलीच्या जागी गॅस, धुण्याच्या दगडाच्या जागी वॉशिंग मशीन. आणि उरलेल्या वेळात कथा, सदर, कादंबरी. पुण्याचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास मात्र या गोष्टीला फारसा दुजोरा देत नाही. मुलेबाळे सांभाळून लिहिणाऱ्या बायकांना इथे ज्या साधनांनी हात दिला, ती स्वयंपाकघरातली नव्हती. मुले किती आणि केव्हा हे ठरवू देणारे साधन, घराबाहेर स्वतःच्या मर्जीने नेणारे वाहन आणि लिहिलेले छापणारे मासिक, ही ती तीन साधने. विनोद हे चौथे. ते मात्र बायकांनी घरच्या घरी तयार केले.

यंत्रांच्या आधीचा काळ पाहिला तरी हे दिसते. काशीबाई कानिटकरांचे (1861–1948) लग्न नवव्या वर्षी झाले आणि अक्षरओळख त्यानंतरची. पुढे त्यांनी डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र लिहिले, ‘रंगराव’ ही कादंबरी लिहिली. रमाबाई रानड्यांच्या आठवणी 1910 साली प्रसिद्ध झाल्या. या दोघींच्या स्वयंपाकघरात काम वाचवणारे एकही यंत्र नव्हते. होते ते शिकलेली बायको हवी असे वाटणारे नवरे, हाताखालची माणसे, आणि बाईने लिहिलेले वाचायला हळूहळू तयार होणारा वाचक. म्हणजे वेळ काढून देणारे यंत्र ही लेखनाची पहिली अट कधीच नव्हती.

विसाव्या शतकात या अटी कशा बदलल्या, हे पाहायला पुण्यातले एकच घर पुरेसे आहे: रँग्लर र. पु. परांजपे यांचे. हुजूरपागा शाळेत शिकायला आलेली इरावती करमरकर (1905–1970) याच घरात वाढली, रँग्लरांची मुलगी शकुंतला (1906–2000) हिच्या बरोबरीने. एक बर्लिनहून मानवशास्त्रातली डॉक्टरेट घेऊन आली, दुसरी केंब्रिजला गणित शिकली. पुढे दोघीही आई झाल्या आणि दोघींनीही मराठीत लिहिले. इरावतीबाई दिनकर धोंडो कर्व्यांशी लग्न करून ज्या घरात गेल्या, त्या घरातले त्यांचे थोरले दीर म्हणजे रघुनाथराव. त्यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. शकुंतलाबाईंनी हेच काम 1938 पासून पुण्यात हाती घेतले. त्याच साली त्यांची मुलगी सई जन्माला आली. लग्न लवकरच मोडल्यावर मुलीला एकटीने वाढवताना त्यांनी नाटके लिहिली, कादंबरी लिहिली, ‘काही आंबट, काही गोड’सारखे खुसखुशीत आठवणींचे पुस्तक लिहिले, आणि जिची चर्चा चारचौघांत वर्ज्य होती त्या संततिनियमनाच्या रबरी टोपीविषयी न लाजता बोलत राहिल्या. घरातल्या तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिताना आपण कुकरपासून सुरुवात करतो. तो या टोपीपासून सुरू करायला हवा. दर दोन वर्षांनी पाळणा हलत असेल, तर वाटण मिनिटात होते की तासात, याने लेखिकेला काय फरक पडणार?

दुसरे साधन वाहनाचे. पुण्यात स्कूटर चालवणारी पहिली बाई म्हणून इरावतीबाईंचे नाव घेतले जाते. त्यांचे डेक्कन कॉलेज येरवड्याच्या बाजूला, नदीपलीकडे. गावातल्या घरापासून लांब. मोजमापांची साधने घेऊन खेडोपाडी फिरणारी ही बाई स्कूटरवर बसली तेव्हा तिने केवळ वेळ वाचवला नाही. कुठे जायचे, केव्हा परतायचे हे विचारण्याची गरज वाचवली. मिक्सर बाईला ओट्यापाशीच उभी ठेवतो, फक्त जरा कमी वेळ. स्कूटर तिला ओट्यापासून हलवते. आणि लेखनाला तर हलणे लागते. वारी, वाटेत भेटलेली माणसे, परक्या शहरातले एकटेपण हे इरावतीबाईंच्या ललित लेखांचे विषय घराच्या चार भिंतींत सापडणारे नव्हते.

यावर पहिला आक्षेप उघड आहे: ही सगळी वरच्या थरातली, नावाजलेल्या घरातली उदाहरणे. आक्षेप खराच आहे, पण तो माझा मुद्दा मोडत नाही, उलट पक्का करतो. फलटणच्या बेबीताई कांबळे (1929–2012) यांच्याकडे पहिली दोन्ही साधने नव्हती. दहा मुलांची आई, लहानसे किराणा दुकान, आणि गिऱ्हाईक नसताना लिहिलेली पाने सुमारे वीस वर्षे नवऱ्यापासून लपवलेली. त्यांचे ‘जिणं आमुचं’ 1982 साली पुण्याच्या ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आले आणि 1986 मध्ये पुस्तक झाले. किर्लोस्करांनी 1930 साली सुरू केलेले हे मासिक आणि पुढे विद्या बाळ यांनी 1989 साली काढलेले ‘मिळून साऱ्याजणी’ यांनी घरात बसून लिहिणाऱ्या बाईला पत्ता दिला: इथे पाठव, इथे वाचले जाईल. पहिली दोन साधने नसतील तर लेखन दोन दशके लांबते. तिसरे नसेल तर ते दुकानातल्या रद्दीतच राहते.

दुसरा आक्षेप असा की यंत्रांनी वेळ वाचला, हे नाकारायचे कसे? पाट्यावर वाटण केलेल्या कुठल्याही बाईला विचारावे. कष्ट कमी झाले, यात वाद नाही. पण कष्ट आणि वेळ या दोन गोष्टी वेगळ्या. अमेरिकी इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवान यांनी 1983 साली ‘मोअर वर्क फॉर मदर’ या पुस्तकात दाखवले की यंत्रे आली तशा घराकडून असलेल्या अपेक्षा वाढल्या आणि इतरांच्या वाटची कामेही आईकडे सरकली. आपल्याकडचे आकडेही तेच सांगतात. केंद्र सरकारच्या वेळवापर पाहणीनुसार घरकाम करणारी बाई त्यात दिवसाला 2019 साली सरासरी 299 मिनिटे घालवत होती, घरकाम करणारा पुरुष 97. 2024 च्या पाहणीत हे आकडे 289 आणि 88 झाले. पाच वर्षांत दोघांचीही मिनिटे जवळजवळ सारखीच घटली. दोघांमधली दरी होती तिथेच राहिली. संगणकाची कथा निराळी नाही. पुण्यात 1988 साली सी-डॅक ही संगणक संशोधन संस्था उभी राहिली, इथल्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी ही मराठी अक्षरजुळणीची प्रणाली छापखान्यांत पोचली, आणि पुढे मोबाइलवर मराठी बोलून टाइप करता येऊ लागले. लेखिकेची सोय झाली. त्याचबरोबर खिळे जुळवणाऱ्याचे कामही तिच्याकडे आले, आणि शाळेचा, सोसायटीचा, नातेवाइकांचा असे सगळे व्हॉट्सअॅप ग्रुप त्याच यंत्रात येऊन बसले.

राहिला विनोद. शकुंतला फडणीसांपासून मंगला गोडबोल्यांपर्यंत पुण्यातल्या लेखिकांनी घरगुती विनोद भरभरून लिहिला, आणि त्यावर ‘गोड मानून घेण्याची कला’ असा शिक्का मारला जातो. इरावतीबाईंच्या ‘परिपूर्ती’वरही हाच आरोप करता येतो. 1949 साली याच नावाच्या संग्रहात आलेल्या त्या लेखात एका समारंभात त्यांची ओळख अमक्याची मुलगी, तमक्याची सून, प्राचार्यांची पत्नी अशी करून दिली जाते. त्यांना काहीतरी राहिल्यासारखे वाटत राहते. ते राहिलेले सापडते रस्त्यावरच्या एका शाळकरी पोराच्या तोंडी: ही तर आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई! बर्लिनच्या डॉक्टरेटने शेवटी मातृत्वापुढे मान तुकवली, असे याचे वाचन होऊ शकते. पण लिहिणारी नातेसंबंधांची अभ्यासक आहे. भारतातल्या नातेव्यवस्थेवरचा तिचा मोठा ग्रंथ चारच वर्षांनी, 1953 साली आला. आपणच आपल्या नातेतक्त्यातली एक चौकट आहोत, हे ती आधी ओळखते आणि मग हसते. आई असण्याचा आनंद खरा आहे. तो कुणाच्या तरी नावाने ओळखले जाण्यातून मिळावा, यातली विसंगतीही तितकीच खरी. विनोदाशिवाय या दोन्ही गोष्टी एका वाक्यात मावल्या नसत्या. तक्रारीत आनंद निसटला असता, गौरवात विसंगती.

म्हणून घरातली यंत्रे मोजून लिहित्या आईचा इतिहास सांगता येणार नाही. नव्या यंत्राची जाहिरात ‘आता आईला स्वतःसाठी वेळ’ असे म्हणू लागली, की एवढेच विचारावे: यामुळे ठरवणे कुणाच्या हाती आले? रबरी टोपी, स्कूटर आणि मासिक यांनी तो अधिकार थोडा का होईना बाईकडे सरकवला, म्हणून त्यांच्या मागोमाग लेखन आले. मिक्सरने चटणी बारीक केली. ती कुणी करायची हा प्रश्न मात्र त्याने होता तिथेच ठेवला.