डिझेल की सीएनजी : काशीच्या नौकांपुढील इंजिनाचा प्रश्न

वाराणसी : रघुनाथराव पेशव्यांचे दत्तकपुत्र अमृतराव यांनी 19व्या शतकाच्या प्रारंभी दगडी बांधणीने उभा केलेला अमृतराव घाट आज राजाघाट या नावाने ओळखला जातो. नारद घाट आणि पांडे घाट यांच्या परिसरातील या पायऱ्यांसमोरून दिवसभर प्रवासी नौका ये-जा करतात. या नौकांचे जुने डिझेल इंजिन ठेवावे की त्याजागी सीएनजी इंजिन बसवावे, हा प्रश्न नावाडी कुटुंबांच्या उपजीविकेशी थेट निगडित आहे.

पार्श्वभूमी

गंगेवरील धूर आणि आवाज कमी करण्याचे प्रयत्न गेल्या दशकात सुरू झाले. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी 1 मे 2016 रोजी अस्सी घाटावर ई-नौकांचे वाटप केले. त्यानंतर डिझेल नौका सीएनजीवर आणण्याची योजना आली. 2021 मध्ये जाहीर झालेल्या माहितीनुसार सुमारे 1,700 लहानमोठ्या नौकांसाठी गेल या सार्वजनिक कंपनीच्या सामाजिक उत्तरदायित्व निधीतून 29 कोटी रुपयांची तरतूद होती. लहान नौकेसाठी सुमारे दीड लाख, तर मोठी नौका व बजऱ्यासाठी सुमारे अडीच लाख रुपये खर्च अपेक्षित होता. इंधनासाठी खिडकिया घाटावर, म्हणजे आजच्या नमो घाटावर, तरंगते केंद्र उभारण्यात आले.

जुन्या इंजिनाचे बळ

शेतातील पाणी उपसणाऱ्या यंत्रासारखे एका सिलिंडरचे, मंद गतीचे डिझेल इंजिन मराठी शेतकऱ्यालाही परिचित आहे. ते हँडल फिरवून सुरू करता येते. हवेच्या दाबाने तापलेल्या सिलिंडरमध्ये डिझेल आपोआप पेट घेत असल्याने स्पार्क प्लगची गरज नसते. त्यामुळे दमट हवेचा त्याला फारसा त्रास होत नाही. कमी फेऱ्यांवरही ते भरपूर जोर देते, आणि प्रवाहाविरुद्ध जाणाऱ्या भरलेल्या नौकेला हाच जोर लागतो. सुटे भाग व कारागीरही सहज मिळतात.

धूर, कंपने, कर्कश आवाज आणि पाण्यात झिरपणारे तेल हे त्याचे दोष होत. नोझल व इंधनपंप वेळेवर तपासले, गळती थांबवली आणि नौकेच्या तळाशी साचलेले तेलकट पाणी नदीत न सोडता वेगळे काढले, तर हे दोष कमी होतात. मात्र ते नाहीसे होत नाहीत.

नव्या इंजिनाच्या अटी

सीएनजी इंजिनाचा धूर व आवाज कमी असतो. 1 किलो सीएनजीमध्ये साधारण 1.3 लिटर डिझेलइतकी उष्णता असते. तथापि ठिणगीवर चालणारे इंजिन त्या उष्णतेचा तुलनेने कमी भाग कामी लावते. म्हणून केवळ दरांची तुलना करून बचतीचा हिशेब पुरा होत नाही.

इंजिन बदलणे म्हणजे एक यंत्र काढून दुसरे ठेवणे इतकेच नव्हे. नवे इंजिन अधिक वेगाने फिरत असेल, तर त्यास अनुरूप गिअर व पंखा लागतो. अन्यथा इंधन जळते, पण नौका पुढे सरकत नाही. इंजिन व टाकीच्या वजनाने नौकेचा तोल बदलतो. पंख्याचा दांडा सरळ रेषेत नसल्यास लाकडी तळाला हादरे बसतात.

सीएनजी सुमारे 200 बार दाबाने साठवला जातो. हा वायू हवेपेक्षा हलका असल्याने उघड्या नौकेत गळती झाल्यास वर निघून जातो. छत असलेल्या बजऱ्यात मात्र तो छताखाली साचू शकतो. तेथे वायुविजन अनिवार्य ठरते. वाहनांतील सीएनजी टाक्यांची दर 3 वर्षांनी दाबचाचणी होते. नौकेच्या टाकीबाबतही तीच शिस्त हिताची आहे.

हिशेब कसा मांडावा

योजनेबाहेर स्वखर्चाने बदल करणाऱ्या नावाड्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. दीड लाख रुपये खर्च झाला आणि दररोज 300 रुपये वाचले, तर खर्च भरून निघण्यास नौका चालण्याचे 500 दिवस लागतात. पुराच्या काळात नौकानयन बंद ठेवले जात असल्याने हा अवधी प्रत्यक्षात दोन वर्षांपर्यंत जाऊ शकतो. दिवसाला एखादीच फेरी मिळणाऱ्या छोट्या नौकेस तो आणखी लांबतो.

भरणा केंद्राचे अंतरही खर्चातच धरावे लागते. वाराणसीत गंगा उत्तरवाहिनी आहे. त्यामुळे खिडकिया घाटाकडे जाताना प्रवाहाची साथ मिळते, परंतु राजाघाटाकडे परतताना प्रवाहाविरुद्ध यावे लागते.

यंत्रचलित नौकांची नोंदणी व तपासणी अंतर्देशीय नौका अधिनियम, 2021 नुसार होते. 1917 च्या कायद्याची जागा या अधिनियमाने घेतली. इंजिन बदलल्यावर नोंदीही अद्ययावत असणे अपघात व विम्याच्या प्रसंगी महत्त्वाचे ठरते.

सारांश, दिवसभर फेऱ्या करणाऱ्या आणि भरणा केंद्राजवळील नौकेस सीएनजी इंजिन लाभदायक ठरते. क्वचित चालणाऱ्या नौकेसाठी सुस्थितीतील जुने इंजिन किंवा वल्हे यांचा विचार व्यवहार्य असतो. इंजिन मोफत मिळाले, तरी पुढील दुरुस्तीचा भार नावाड्यावरच येतो. त्यामुळे ते बसवण्यापूर्वी घाटावर त्याचा कारागीर व सुटे भाग उपलब्ध आहेत की नाहीत, याची खात्री करणे आवश्यक आहे.