एकाच पोर्टचा इतिहास

तंत्रज्ञानाचा इतिहास बहुधा वेगाच्या आकड्यांत सांगितला जातो. मला तो एका साध्या प्रश्नातून वाचावासा वाटतो: संगणकाला एखादी वस्तू जोडायची, तर कुठे आणि कशी? आज पातळ लॅपटॉपच्या कडेला असलेल्या एका बारीक टाइप-सी पोर्टमधून चार्जिंग, मोठा पडदा, पेनड्राइव्ह, माउस असे सगळे चालते. वरवर पाहता भाऊगर्दी संपली. माझे म्हणणे असे की, ती संपलेली नाही. फक्त डोळ्यांना दिसेनाशी झाली आहे.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीचा संगणक पाठीमागून आठवून पाहा. मोडेमसाठी सिरियल पोर्ट, प्रिंटरसाठी २५ पिनांचे रुंद पॅरलल पोर्ट, जॉयस्टिकसाठी तिसरेच. नवे काही जोडायचे, तर अनेकदा पेटी उघडून कार्ड बसवावे लागे आणि मशीन पुन्हा सुरू करावे लागे. एक सोय मात्र होती: चुकीची पिन सहसा बसतच नसे. आकारच माहिती देई. कीबोर्ड आणि माउसची गोल भोके सारखी निघाली, तेव्हा गोंधळ टाळायला पुढे त्यांना जांभळा आणि हिरवा रंग द्यावा लागला.

हा पसारा आवरण्यासाठी कॉम्पॅक, डेक, आयबीएम, इंटेल, मायक्रोसॉफ्ट, एनईसी आणि नॉर्टेल या सात कंपन्या एकत्र आल्या आणि जानेवारी १९९६ मध्ये यूएसबीची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. इंटेलमधील ज्या चमूने हे काम पुढे नेले, त्यातील अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी. इंटेलने या मानकावर स्वामित्वशुल्क आकारले नाही, म्हणून ते सर्वत्र पसरू शकले. मूळ आराखड्यातच हबच्या साहाय्याने एका पोर्टवर १२७ उपकरणे जोडण्याची तरतूद होती. म्हणजे ‘एका दारातून सगळे’ ही कल्पना आजची नव्हे.

मात्र त्या दाराला दिशा होती. चपटे टोक संगणकाकडे, चौकोनी टोक प्रिंटरकडे. वीज नेहमी संगणकाकडून बाहेर जाई आणि तीही ५ व्होल्ट, अर्धा अँपिअर, म्हणजे २.५ वॅट. पिन उलटसुलट कशीही बसावी अशी सोय का केली नाही, याचे उत्तर भट्ट यांनी पुढे एका मुलाखतीत दिले: त्यासाठी तारा आणि सर्किट दुप्पट लागले असते, खर्चही तसाच वाढला असता. १९९८ मध्ये ॲपलच्या आयमॅकने जुनी पोर्ट काढून यूएसबी घेतले आणि इतरांनाही दिशा मिळाली.

ऑगस्ट २०१४ मध्ये टाइप-सीचे मानक आले. त्यात २४ पिना, दोन ओळींत, एकमेकींच्या प्रतिबिंबासारख्या. पूर्वी टाळलेला खर्च आता परवडू लागला होता. २०१५ मध्ये ॲपलने १२ इंची मॅकबुकला हेडफोनच्या जागेखेरीज एकच पोर्ट दिले. चार्जर लावला की पेनड्राइव्हला जागा नाही. त्यावर उपाय म्हणून तीन तोंडांचा ॲडॅप्टर वेगळा विकला जाऊ लागला. काढलेली पोर्ट अशी पुन्हा अवतरली, ग्राहकाच्या खर्चाने.

दिशा आकारातून गेली, तेव्हा ती बोलणीत आली. पिन बसताच दोन्ही टोके वीज कोण देणार आणि कोण घेणार हे आधी ठरवतात. चार्जर आपल्याकडील ५, ९, १५, २० व्होल्टचे पर्याय मांडतो. लॅपटॉप त्यातून निवडतो. मध्ये हब असेल, तर तो स्वतःसाठी काही वॅट राखतो आणि उरलेलेच पुढे कळवतो. म्हणून ६५ वॅटचा चार्जर लावूनही लॅपटॉपला ६५ वॅट मिळत नाहीत. माहितीचेही तसेच. वेगवान तारांच्या चार जोड्या असतात. साध्या हबमध्ये मोठ्या पडद्याने चारही घेतल्या, की पेनड्राइव्हला २००० सालच्या यूएसबी २.० चा सेकंदाला ४८० मेगाबिटचा वेग उरतो.

माझ्या टेबलावर चार टाइप-सी केबल आहेत. चारही दिसायला सारख्या. प्रत्यक्षात ३ अँपिअरहून अधिक प्रवाह नेणाऱ्या केबलमध्ये ओळख सांगणारी छोटी चिप लागते, आणि काही केबल केवळ चार्जिंगपुरत्याच असतात. दुकानात हा फरक डोळ्यांना कळत नाही.

युरोपीय संघाने २०२२ मध्ये कायदा करून टाइप-सी सक्तीचे केले: मोबाइलसाठी २८ डिसेंबर २०२४ पासून, लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ पासून. टाकाऊ चार्जरचा ढीग आणि ग्राहकाचा खर्च कमी व्हावा, हा हेतू. भारतीय मानक ब्यूरोनेही टाइप-सीचे मानक स्वीकारले आहे. मला महत्त्वाचे वाटते ते युरोपीय कायद्यातील एक छोटे कलम: उपकरणाला किमान आणि कमाल किती वॅट लागतात, हे लेबलवर छापावे लागते. जे पूर्वी पोर्टचा आकार फुकट सांगत होता, ते आता कायद्याने लिहून घ्यावे लागते. हब किंवा केबल विकत घेताना ग्राहकाने तेवढे वाचले, तरी एका पोर्टची सोय त्याच्या पदरात पडेल.