हर्ब मॅकेन्ली : तीन रौप्यपदके आणि ४४.६ सेकंद

(१) ऑलिंपिकच्या वैयक्तिक सुवर्णपदक विजेत्यांच्या यादीत हर्ब मॅकेन्ली हे नाव सापडत नाही. तरीही जमैकाच्या धावण्याच्या परंपरेचा इतिहास त्यांना वगळून लिहिता येत नाही. पदकतालिका काय सांगते आणि काय झाकून ठेवते, हे समजण्यासाठी त्यांची कारकीर्द पाहावी.

(२) मॅकेन्ली यांचा जन्म १९२२ मध्ये जमैकाच्या क्लॅरेंडन परगण्यात झाला. जमैका तेव्हा ब्रिटिश वसाहत होती. किंग्स्टनच्या कॅलाबार हायस्कूलमधून ते अमेरिकेत शिकायला गेले आणि इलिनॉय विद्यापीठाकडून धावू लागले. जुलै १९४८ मध्ये मिलवॉकी येथे त्यांनी ४०० मीटरचे अंतर ४५.९ सेकंदांत पार केले. ४६ सेकंदांची मर्यादा ओलांडणारे ते जगातील पहिले धावपटू ठरले.

(३) पुढच्याच महिन्यात लंडन ऑलिंपिक होते आणि जमैकाचा संघ प्रथमच त्यात उतरला होता. विश्वविक्रमवीर या नात्याने ४०० मीटरचे सुवर्ण मॅकेन्ली यांचेच मानले जात होते. त्यांची रीत एकच होती : आरंभापासून सर्वस्व पणाला लावून धावायचे. मात्र ४०० मीटरची शर्यत निव्वळ वेगाची नसते. पहिल्या निम्म्या अंतरात केलेल्या उधळपट्टीची वसुली शेवटच्या शंभर मीटरमध्ये होते.

(४) तसेच घडले. अखेरच्या सरळ पट्ट्यात त्यांचेच सहकारी आर्थर विंट लांब ढांगा टाकत पुढे निघून गेले. विंट ४६.२, मॅकेन्ली ४६.४. जमैकाचे पहिले ऑलिंपिक सुवर्ण आणि एक रौप्य एकाच शर्यतीत आले. २०० मीटरमध्ये मॅकेन्ली चौथे आले. रिलेच्या अंतिम फेरीत विंट यांच्या पायात गोळा आला, ते कोसळले आणि जमैकाचा संघ शर्यत पूर्ण करू शकला नाही.

(५) चार वर्षांनी हेलसिंकी. खाशाबा जाधव यांनी स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक पदक मिळवून दिले, ते याच स्पर्धेत. तिशीत पोहोचलेले मॅकेन्ली या वेळी १०० मीटरमध्येही उतरले. अंतिम फेरीत पहिल्या चारही धावपटूंची अधिकृत वेळ एकच नोंदली गेली : १०.४ सेकंद.

(६) त्या काळी अधिकृत वेळ हाती धरलेल्या घड्याळांवर, सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंतच मोजत. क्रम ठरवायला मग छायाचित्राचा आधार घ्यावा लागे. अमेरिकेचे लिंडी रेमिजिनो यांना आपण हरलो असेच वाटले, त्यांनी मॅकेन्ली यांचे अभिनंदनही केले. छायाचित्राने मात्र निकाल फिरवला. रेमिजिनो यांचा खांदा जेमतेम इंचभर आधी रेषेवर पोहोचला होता. विद्युत उपकरणावरील नोंद १०.७९ आणि १०.८० अशी होती.

(७) नंतर ४०० मीटर. लंडनची चूक मॅकेन्ली यांनी या वेळी टाळली. आरंभी जपून धावून त्यांनी शेवटी मुसंडी मारली. पण पुढे जमैकाचेच जॉर्ज रोडेन होते. दोघांची वेळ ४५.९. सुवर्ण रोडेन यांना, मॅकेन्ली यांना पुन्हा रौप्य. लंडनमध्ये घाई नडली, हेलसिंकीत उशीर.

(८) २७ जुलै १९५२ रोजी ४ × ४०० मीटर रिलेची अंतिम शर्यत झाली. जमैकाकडून विंट ४६.८ आणि लेस्ली लेंग ४७.० सेकंदांत धावले. तोवर अमेरिका १.६ सेकंदांनी, म्हणजे सुमारे बारा मीटरनी पुढे गेली होती. तिसऱ्या टप्प्यात मॅकेन्ली यांच्या पुढे होते चार्ल्स मूर, याच स्पर्धेतील ४०० मीटर अडथळा शर्यतीचे विजेते.

(९) मॅकेन्ली यांनी तो टप्पा ४४.६ सेकंदांत पूर्ण केला. रिलेत बॅटन धावत घेता येते, त्यामुळे ही वेळ वैयक्तिक विक्रमांत धरली जात नाही. तरी तुलनेसाठी लक्षात घ्यावे की, तेव्हाचा ४०० मीटरचा विश्वविक्रम ४५.८ सेकंदांचा होता. बॅटन रोडेन यांच्या हाती पडले तेव्हा जमैका ०.१ सेकंदाने पुढे होती.

(१०) अखेरच्या टप्प्यात रोडेन आणि अमेरिकेचे मॅल व्हिटफील्ड या दोघांचीही वेळ ४५.५ होती. म्हणजे मॅकेन्ली यांनी मिळवलेली ०.१ सेकंदाची आघाडीच शेवटपर्यंत टिकली. जमैका ३ मिनिटे ३.९ सेकंद, अमेरिका ३ मिनिटे ४.० सेकंद. १९३२ पासूनचा विश्वविक्रम चार सेकंदांहून अधिक फरकाने मोडला. हे मॅकेन्ली यांचे एकमेव ऑलिंपिक सुवर्ण. जमैकाला स्वातंत्र्य, स्वतःचा ध्वज आणि राष्ट्रगीत मिळायला अजून दहा वर्षे होती.

(११) यानंतरचे काम पदकतालिकेत दिसत नाही. मॅकेन्ली मायदेशी परतले, राष्ट्रीय संघाचे आणि आपल्या कॅलाबार शाळेचे प्रशिक्षक झाले. १९१० पासून चालत आलेली आंतरशालेय स्पर्धा, जिला जमैकात ‘चॅम्प्स’ म्हणतात, ही तिथल्या धावपटूंची खरी शाळा. त्या मैदानावर त्यांनी अनेक वर्षे मुले घडवली. अमेरिकी विद्यापीठांची जी वाट त्यांनी स्वतः चोखाळली होती, तिच्यावर नव्या धावपटूंनाही आणून सोडले.

(१२) नोव्हेंबर २००७ मध्ये त्यांचे निधन झाले. १६ ऑगस्ट २००८ रोजी बीजिंगमध्ये उसेन बोल्ट यांनी १०० मीटर ९.६९ सेकंदांत जिंकली. पुरुषांच्या १०० मीटरमधील जमैकाचे ते पहिलेच ऑलिंपिक सुवर्ण होते. हेलसिंकीत इंचभराने हुकलेल्या त्या पदकासाठी जमैकाला ५६ वर्षे थांबावे लागले होते.